उजव्या मोज्याची चीर

नेदर हॉल्ट
३ मार्च १९१३

केटुरा,

पाकिटावरचं अक्षर ओळखून तू हे पत्र चुलीत टाकलं नसशील, तर पुढं वाच. टाकलं असशील तर मी उगाच लिहितेय, पण उगाच लिहायची खोड मला आहेच.

तुझा पत्ता हॅलमनं दिला. हो, तोच. अजून दर सोमवारी बेल्परच्या वखारीतून भरतकामाच्या मोज्यांचं गाठोडं तोच आणतो, घोडा तेवढा दुसरा आहे. रेशमाच्या लडी आणायला तो मॅकल्सफील्डला गेला होता, तिथं एका रंगारखान्याच्या दारात तू त्याला दिसलीस. "हात कोपरापर्यंत निळे होते," म्हणाला. मी विचारलं, "ओळख दिली का तिनं?" तर म्हणतो, "मान हलवली बुवा. बरा आहेस ना म्हणाली की चालता हो म्हणाली, ते काही कळलं नाही." ऐकल्यावर ती तूच, याबद्दल मला शंका उरली नाही.

माफी वगैरे मागायला लिहीत नाही. मला एक कोडं पडलंय आणि ते तुझ्याशिवाय कुणाला विचारावं ते सुचत नाही.

गेल्या आठवड्यात आपल्या आईनं पलंगाखालचा पत्र्याचा डबा उघडायला सांगितला. तिचे शेवटचे कपडे त्यात आहेत, ते वाऱ्याला टाकायचे होते. तसं काही नाही हं, आई बरी आहे. म्हातारी माणसं अशी तयारी आधीच करून ठेवतात. तर कपड्यांच्या खाली तो जोड होता. एका नवरीच्या लग्नासाठी भरलेल्या मोज्यांच्या सहा जोडांतला सगळ्यात देखणा, पांढऱ्या रेशमाचा, घोट्यापासून वर चढणारी पानांची वेल आणि तिला आपण दोघींनी भरलेल्या तांदळाएवढ्या लाल कळ्या. डाव्या मोज्यावर वेलीला लागून बोटभर चीर. ती तू विसरली नसशील.

आदल्या दिवशी तू सगळ्या बायकांसमोर आईवर ओरडली होतीस, "कात्रीच लावते या मोज्यांना, म्हणजे तरी या कामातून सोडशील मला!" आणि दुसऱ्या दिवशी ती चीर सापडली. पुढं काय झालं ते लिहीत नाही. तुझी पेटी दाराबाहेर ठेवली तेव्हा पाऊसही नव्हता, एवढंच आठवतं.

पण केटुरा, उजवा मोजा त्या दिवशी धड होता. आईनं स्वतः गुंडाळून डब्यात ठेवला. आता त्यालाही चीर आहे. त्याच जागी, तितकीच सरळ. डब्याला कुलूप, किल्ली आईच्या कमरेला, आणि तू बारा वर्षं चाळीस मैलांवर. मग ही कुणी कापली?

झिला


१८ मार्च

केटुरा,

तुझं कार्ड मिळालं. "मीही तेव्हा हेच विचारलं होतं. कुणी कापली?" एवढंच. ना वर नाव, ना खाली. तरी मी ते चार वेळा वाचलं.

बरं, आता तपास ऐक. घरात मी कुणाला काही बोलले नव्हते, पण मर्सी व्हील्डनला सांगितल्याशिवाय राहवलं नाही. आता आमच्याकडे मोजे भरायला बसणाऱ्या सात जणींत तीच एक जुनी उरली आहे. तिच्या तोंडात तीळ भिजत नाही हे माहीत असून सांगितलं, म्हणजे दोष माझाच. तुझं नाव घरात घ्यायचं नाही अशी आईची अजून सक्त ताकीद आहे, त्यामुळं मर्सी तुला "ती मॅकल्सफील्डवाली" म्हणते आणि म्हणताना डोळे असे मोठे करते की आंधळ्यालाही कळावं. आईला मात्र खरंच दिसत नाही. उजेड-अंधार तेवढा कळतो. तरी एकही मोजा तिच्या हाताखालून गेल्याशिवाय गाठोड्यात जात नाही. वेलीवरून आधी अंगठा फिरवते, मग ओठ टेकवते, आणि आतल्या बाजूला एक धागा जरी खरखरीत राहिला असला तरी म्हणते, "उसव."

पहिला संशय कसरीवर. मी आनंदले. पण मर्सी म्हणाली, "अगं झिले, कसर लोकर खाते. त्याच डब्यात तुझ्या आईची लोकरीची शाल आहे, तिला भोक आहे का एखादं?" नाही.

मग उंदीर. "उंदीर पट्टी लावून कुरतडतो होय?"

मग टाचणीचा गंज. तोही नाही, डाग कुठंच नव्हता. शेवटी मर्सीनं तिचा स्वतःचा शोध सांगितला. ज्या नवरीसाठी ते मोजे होते तिचा संसार धड झाला नाही म्हणे, म्हणून मोजे आपणहून फाटले. सुतावरून स्वर्ग गाठावा तो तिनंच. मी म्हटलं, "मर्सी, ती नवरी पाच पोरांची आई आहे आणि गेल्या ख्रिसमसला तू तिलाच बग्गीतून जाताना पाहिलंस." तर म्हणते, "पोरं असली म्हणजे संसार धड असतो का? माझ्याकडे बघ!"

पण "आपणहून" हा शब्द माझ्या डोक्यात राहिला. चिंध्यांच्या टोपलीत त्याच गाठोड्यातला एक नमुन्याचा मोजा सापडला, न भरलेला. त्याचे चार तुकडे केले. एक खिडकीत उन्हात ठेवला, एक कपाटात, एक पाण्यात भिजवून वाळवला, आणि एक रोज ओढून पाहते. बायका म्हणतात झिलाला खूळ लागलं. लागू दे. या वयात दुसरं लागणार तरी काय?

तू रंगारखान्यात आहेस. रेशमाबद्दल तिथं काही ऐकलंस का?

झिला


९ एप्रिल

केटुरा,

या वेळी कार्डाच्या दोन्ही बाजू भरल्यास, कडेनंही लिहिलंस! वाचायला कार्ड चारदा फिरवावं लागलं. मला किती बरं वाटलं ते लिहीत नाही, नाहीतर पुढच्या वेळी परत एकच ओळ धाडशील.

म्हणजे रेशीम वजनावर विकतात, म्हणून रंगारी त्यात कथील मुरवतात. आपण इतकी वर्षं ज्याला "भारी रेशीम" म्हणून गोंजारत होतो, ते निम्मं धातूच होतं तर! आईला हे सांगायची माझी छाती नाही. आणि असलं रेशीम ठेवल्याठेवल्या कुजतं, उन्हात लवकर, सावलीत सावकाश. हे वाचून मी खिडकीकडे धावले. उन्हातला तुकडा तीन आठवड्यांनी जरा पिवळा पडलाय, पण ओढला तर फाटत नाही. कपाटातला जसाच्या तसा. पाण्यात भिजवलेलाही धड.

मग आपला मोजाही तेव्हा तीनच आठवडे खिडकीत होता, त्याला कात्री लावल्यासारखी चीर कशी पडली? आणि अख्ख्या मोज्यात तिथंच का? बाकीचे पाच जोडही त्याच गाठोड्यातले होते, ते तर नवरीनं घालून धुऊन झिजवले असतील.

तुझी शेवटची ओळ कडेला आडवी लिहिलेली होती, ती मला उशिरा दिसली. "आमचा मुकादम म्हणतो, असल्या रेशमाला मिठाचा हातसुद्धा लागू देऊ नये. त्या मोज्याला मीठ कुठून लागलं?"

आता मीठ काय, घरात असतंच. आपण डुकराच्या खारवलेल्या चरबीशी भाकरी खाऊन त्याच हातानं कामाला बसत होतो, आई कितीही हात धुवायला लावो. घामातही मीठ असतं. त्या वेळी उकाडा होता ना? मला आठवतं तसं होता.

तरी एक तुकडा मिठाच्या पाण्यात बुडवून उन्हात ठेवला आहे. बघू.

आईला जरा खोकला आहे.

झिला


२८ एप्रिल

केटुरा,

मिठाचा तुकडा फाटला. एकोणिसाव्या दिवशी. मी ओढलाही नाही, दोन्ही हातांत उन्हाकडे धरला आणि तो मधोमध सरळ चिरत गेला. मर्सी शेजारी होती, ती "अगं बाई!" म्हणून उठून उभीच राहिली. बिनमिठाचा त्याच खिडकीतला तुकडा अजून ओढून फाटत नाही.

कोडं सुटलं म्हणून मी नाचायला हवं होतं. तू मला ओळखतेस. मी दोन दिवस जेवले नाही.

आता खरं लिहिते. खाई त्याला खवखवे म्हणतात, आणि मला गेले तीन आठवडे खवखवतंय. त्या वेळी उकाडा नव्हता. मार्च होता आणि आपण शाली घेऊन बसत होतो.

लाल धागा तोंडात धरायचा नाही हा आईचा पहिला नियम. पांढरा धर, हिरवा धर, पण लाल ओवायचा तर पाण्याच्या वाटीत बोट बुडवून. मला तेवढा धीर कधीच नव्हता. कळ्या भरताना मी लाल धागा चोखून ओवला, आणि ओला धागा पांढऱ्यावर उतरला. दोन्ही मोज्यांवर, वेलीच्या शेजारी, फिकट गुलाबी ओघळ. तू चहा करायला उठली होतीस. आईला दिसला असता तर मला खिडकीपासून लांब, मधल्या बाकावर पाठवलं असतं आणि तो जोड माझ्या हातून काढून घेतला असता. म्हणून दुपारी मी त्या दोन्ही ओघळांवर ओलं मीठ चोळलं, डाग निघाला, आणि धुवायला वेळ नव्हता म्हणून झटकून तसेच खिडकीत ठेवले. डावा वर, उजवा त्याच्या खाली. पुढं तीन आठवडे ते तिथंच होते.

तर हे असं. ती चीर कात्रीची नव्हती, माझी होती. मला हे माहीत नव्हतं केटुरा, शपथेवर सांगते. मीठ लावलं तर रेशीम कुजतं हे तेव्हा आपल्यात कुणाला ठाऊक होतं?

आता तरी तुझ्या मनातलं निघून जाईल ना?

झिला


१५ मे

केटुरा,

दोन आठवडे हॅलमची वाट बघितली, पोस्टमनची बघितली. सणासाठी विहिरी फुलांनी सजवायचं काम गावात चाललंय, मी पाकळ्या वेचायलाही गेले नाही. काल तुझं कार्ड आलं.

"मीठ समजलं. त्याबद्दल राग नाही. ती चीर तू माझ्याआधी पाहिली होतीस का?"

तुला हे कसं सुचलं? की तुला तेव्हापासूनच माहीत होतं आणि मी स्वतः म्हणायची वाट बघत होतीस?

हो.

आदल्या संध्याकाळी आईनं मोजा ओठाला लावून पाहिला तेव्हा तो अखंड होता. पहाटे मी चूल पेटवायला आधी उठले. उजेड पडत होता, म्हणून मोज्यांवर रात्री टाकलेला कपडा उचलून डावा मोजा जरा ताणून बघितला आणि तो माझ्या हातात चिरत गेला. तू वर झोपलेली होतीस. आपण एकाच अंथरुणात झोपायचो, रात्रभर तुझा पाय माझ्या पायावर होता आणि मी त्याला शिव्या देत जागी होते. तू उठली नव्हतीस, हे माझ्याइतकं जगात कुणालाच माहीत नव्हतं.

मी मोजा होता तसा घडी करून ठेवला आणि बादली घेऊन पाण्याला गेले. परत आले तेव्हा तो तुझ्या हातात होता आणि आई जिन्यावर उभी होती.

तू माझ्याकडे बघितलंस. "झिले, सांग ना हिला, मी हलले तरी का रात्री?" म्हणालीस. मी म्हटलं, "मला गाढ झोप लागली होती."

का म्हटलं, ते गेली बारा वर्षं मी स्वतःला वेगवेगळं सांगत आले. भीती होती हे खरं, डागाचं बाहेर येईल याची. पण भीती एक दिवसाची असते. दुसऱ्या दिवशी सांगता आलं असतं, महिन्यानं सांगता आलं असतं. तुझा हात माझ्यापेक्षा चांगला होता केटुरा. म्हणून खिडकीची खुर्ची तुझी होती आणि मी मोठी असून तुझ्या सावलीत बसून भरत होते. तू गेल्यावर ती खुर्ची मला मिळाली. मला ती हवी होती. आणखी काही कारण नाही.

आणि आई बरी आहे असं पहिल्या पत्रात लिहिलं, तेही खोटं. डॉक्टर म्हणाले, गवत कापणीपर्यंत तगली तर नशीब. मी हे कोडं तिच्यामुळंच सोडवायला घेतलं. तिनं डबा उघडायला सांगितला, आणि कपड्यांखाली हात घालून तो जोड चाचपला, आणि मला विचारलं, "कुठं असेल गं?" कोण, ते म्हणाली नाही.

तू यावंस अशी माझी इच्छा आहे. मागायचा हक्क नाही.

झिला


२ जून

केटुरा,

"हे मला सांगून काय उपयोग? जिथं माझी पेटी बाहेर ठेवली तिथं सांग. ज्यांच्यासमोर ठेवली त्यांच्यासमोर." बरोबर लिहिलंस.

गेल्या सोमवारी सांगितलं. त्या दिवशीच्या बायकांतल्या चौघी गावात आहेत. मर्सीला म्हटलं, सगळ्यांना बोलाव. हॅलमही गाठोडं घेऊन आला होता, त्यालाही थांबवलं, त्यानं टोपी काढून हातात धरली. आईला खुर्चीत बसवलं होतं. मी तुझं नाव घेतलं, तसा आईनं हात वर केला, "त्या मुलीचं नाव..." मी म्हटलं, "आई, आज ऐकावंच लागेल," आणि सगळं सांगितलं. धागा, मीठ, पहाट, बादली, खुर्ची. मला वाटलं होतं मर्सी मधेच काही बोलेल. ती नुसती माझ्याकडे बघत होती, आणि ते सगळ्यात वाईट होतं.

आईनं दोन्ही मोजे मागितले. दोन्ही चिरा अंगठ्यानं चाचपल्या, ओठाला लावल्या. मग म्हणाली, "कात्रीनं कापलेल्या कडेला धागा टोचतो. हा टोचत नाही. हा भुगा होतोय." मोजे मांडीवर ठेवून म्हणाली, "मी तेव्हा ओठाला लावून बघितलं नाही. दुसऱ्या कुणाच्या हातात तो सापडला असता तर बघितलं असतं."

मला वाटलं माझ्यावर ओरडेल. ओरडली नाही. "कागद घे," म्हणाली. "लिही, तुझ्या आईची चूक झाली." मी लिहिलं. "आणि पुढं?" विचारलं. "पुढं काय? खाली जागा सोड, तिला काही म्हणायचं असेल तर ती लिहील." तो कागद सोबत आहे. सही वाकडी आहे, पण तिची आहे. माझा हात धरू दिला नाही तिनं.

मी खिडकीच्या खुर्चीतून उठले आहे. मला कुणी ऊठ म्हणालं नाही. आता मधल्या बाकावर बसते.

मर्सी तीन दिवस माझ्याशी बोलली नाही. चौथ्या दिवशी पाव घेऊन आली, टेबलावर आपटला आणि म्हणाली, "खा. उपाशी मेलीस तर ती मॅकल्सफील्डवाली भांडणार कुणाशी?"

झिला


११ जून

केटुरा,

कार्ड आज सकाळी आलं. आईला तीनदा वाचून दाखवलं, चौथ्यांदा तिनं ते हातात घेऊन नुसतं धरून ठेवलं. "शनिवारी अकराच्या गाडीनं येते. आईसाठी येते. तुझ्याशी बोलेन असं समजू नकोस."

नको बोलूस.

स्टेशनवर मर्सी येईल. ती वाटभर बोलेल, तेवढं सोस. आईला दहापासून खुर्चीत बसवून ठेवीन. तिला आता मोठ्यानं बोलवत नाही, तेव्हा अगदी जवळ बस. दूध कोमट करून ठेवते, ते तुझ्या हातून पिईल, माझ्याकडून अर्धंच पिते. जेवण झाकून ठेवीन, दोघींचं.

तुझी पावलं दारात वाजली की मी मागच्या दारानं बाहेर पडेन. हाक मारलीस तर येईन. नाही मारलीस तरी चालेल, तू आईजवळ आहेस तोवर मी आत येणार नाही. मी मर्सीच्या ओट्यावर बसलेली असेन. तिथून आपलं दार दिसतं.

झिला